अकरा बाळांचा एक ठोका

वन्सं लॅपटॉप घेऊन आल्या तो पंच्यात गुंडाळून. पंच्यावर पिशवी, पिशवीच्या तोंडाला गाठ. गाठ सुटेना तेव्हा दातानं सोडवली आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर असा ठेवला, की माझ्या कपातला चहा बशीत आला.

"सुचेता, हे तुझं. तूच पास केलंस ना? मग आता तूच सांग, खोटं कोण बोलतंय. हे का मी?"

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, जयमाला. माळेवस्ती आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर. आमच्या पिढीत नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही, पण सासूबाईंनी लग्नात तो शब्द तोंडात बसवला आणि मी काढला नाही. तो म्हटला की त्या थोडं कमी ओरडतात असा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

"वन्सं, आधी बसा तरी."

"बसायला वेळ नाही. गुरुवारी पुण्याला ऑपरेशन आहे. अनूचं."

अनू म्हणजे अन्विता, त्यांच्या लेकीची, केतकीची मुलगी, सव्वाचार वर्षांची. त्या दिवशी सोमवार होता.

मीच खुर्चीत बसले.

सांगलीत आमची नऊ बायकांची परीक्षण सहकारी संस्था आहे. सरकारी खरेदीत येणारे लॅपटॉप, त्यातले माहिती साठवणारे ड्राइव्ह, बॅटऱ्या आम्ही तपासतो. ड्राइव्हचं खातं माझं. मी कुठल्या कॉलेजात हे शिकलेले नाही. बिघडलेले ड्राइव्ह उघडत उघडत, पुढे त्यांची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत शिकले. तीन वर्षांपूर्वी 'मेधाकण' नावाच्या कंपनीचा 'चिरंतन' हा ड्राइव्ह माझ्याकडे आला. मी तो पासष्ट दिवस तपासला आणि पास केला. माझ्या सहीवर तेवीसशे लॅपटॉप उपकेंद्रांत गेले आणि कागदी रजिस्टरं बंद झाली. वन्संच्या टेबलावरचा लॅपटॉप त्यातलाच.

"नीट सांगा. अनूला काय झालंय?"

"झालं काही नाही! तेच तर सांगतेय!"

दारात केतकी उभी होती. अनू तिच्या खांद्यावर झोपलेली. ती खाली गाडीत बसून राहणार होती, पण आईचा आवाज खालपर्यंत गेला असणार.

"मामी, मी सांगते." अनूला बाकावर निजवत ती हळू आवाजात म्हणाली. "मिरजेच्या डॉक्टर मुजावरांनी तपासलं. हिच्या ठोक्यांमध्ये कुरकुर ऐकू येते. इको काढला. हृदयाला बारीक छिद्र आहे, आणि शेजारची झडप जरा ओढल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणाल्या, ही कुरकुर पहिल्यापासून अशीच असेल तर थांबता येईल. छिद्र भरूनही येतं. पण नव्यानं आली असेल तर झडप बिघडायला लागलीय, मग थांबायचं नाही. जुना काही पुरावा आहे का, असं विचारलं."

"आणि मी म्हणाले, आहे," वन्सं म्हणाल्या. "दीड वर्षाच्या डोसाला ही माझ्याकडेच होती. मी स्वतः छातीला यंत्र लावून आवाज घेतला. ठोक्यामागं बारीक श्श् होतं. शिबिराच्या डॉक्टरांनीही ऐकलं. बारीक आहे, चार-पाच वर्षांची झाली की बघू, म्हणाले. ते आता परदेशात, फोन लागत नाही. पण आवाज आहे ना ठेवलेला!"

"लाव की आई. ऐकू दे मामीला."

वन्संनी लावला. धप्-धप्, धप्-धप्. स्वच्छ, गोल, निरोगी ठोके. कुरकुर नावाला नाही.

"हे डॉक्टर मुजावरांनी ऐकलं," केतकी म्हणाली. "म्हणजे तेव्हा नव्हतं आणि आता आहे. सरळ आहे. आई मान्यच करत नाही. मामी, तिला आता कमी ऐकू येतं. टीव्ही किती मोठ्यानं लावते विचार. आणि तेव्हा नक्की काय ऐकलं होतं, देव जाणे. कदाचित दुसऱ्याच कुणाचं."

"दुसऱ्याचं? माझ्या नातीचं मला कळणार नाही?"

"आई, मला माझ्या मुलीची छाती उघडू द्यायची हौस आहे का गं?"

वन्सं लॅपटॉपकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझंच चुकत असेल गं. बत्तीस वर्षांत किती छात्या ऐकल्या."

"टिपण लिहिलं नव्हतं?"

"लिहायचं कशाला? 'आवाज जोडला आहे' एवढंच लिहितो सगळ्या जणी. आवाजच आहे म्हटल्यावर वर्णन कोण लिहील? वर जिल्ह्याला जातो तो नुसता तक्ता. आवाज राहतो ह्याच्यातच."

मी आवाज परत लावला. मला हृदयातलं काही कळत नाही. मला ड्राइव्हमधलं कळतं, आणि ड्राइव्ह एकतर फाइल जशीच्या तशी देतो किंवा देत नाही. बिघडला तर खरखर येते, फाइल उघडत नाही, यंत्र अडतं. बिघडून आवाज सुधारत नाही. मी केतकीची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं, एवढ्यात वन्सं कान पुढं करून म्हणाल्या, "गिरणी कुठाय?"

"कसली गिरणी?"

"पिठाची. तुकाराम पाटलांची. उपकेंद्राच्या भिंतीला भिंत आहे गं तिची. बारा वाजेपर्यंत नुसती घरघर. टेबलावरचं औषध हलतं. माझ्या प्रत्येक आवाजात मागं गिरणी असते. डॉक्टर हसतात मला, म्हणतात, सिस्टर, पेशंट तपासताय का जोंधळा?"

गेल्या आठवड्यातला एका बाळाचा आवाज लावला. ठोक्यांच्या मागे गिरणी होती, अगदी घरघर. मागच्या महिन्यातला लावला, गिरणी. चार महिन्यांपूर्वीचा लावला. गिरणी नाही. सहा महिन्यांपूर्वीचा, वर्षापूर्वीचा, दोन वर्षांपूर्वीचा. गिरणी कुठेच नाही. सगळी बाळं जणू एखाद्या बंद खोलीत, कापसात बसवून तपासली होती.

प्रत्येक फाइलचा आकड्यांचा एक ठसा काढता येतो. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. दीड वर्षाच्या डोसाच्या सगळ्या जुन्या फाइलींचे ठसे मी एकाखाली एक काढले. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जुळत नाहीत, तसे दोन बाळांच्या आवाजांचे जुळायला नकोत.

अकरा बाळांचा ठसा एकच होता. अनू त्यातली सातवी.

"म्हणजे काय मामी?" केतकी माझ्या खांद्यावरून वाकली होती.

"म्हणजे हे अनूचं नाही. कुणाचंच नाही."

हे कसं झालं ते मी तिला त्या वेळी अडखळत सांगितलं, इथे जरा नीट सांगते. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं. अब्जावधी सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत थोडासा विद्युतभार कोंडलेला असतो. भार किती, यावरून पेशीतली माहिती ठरते. हा भार वर्षानुवर्षं झिरपत राहतो, आणि पेशी पुसून पुन्हा भरली की दर वेळी थोडी झिजते. म्हणून प्रत्येक ड्राइव्हला जागेचीही मर्यादा असते आणि आयुष्याचीही. 'चिरंतन'ची जाहिरात अशी, की तो कधी भरत नाही आणि लवकर म्हातारा होत नाही. त्याच्या चिपमध्ये एक लहानसं शिकलेलं डोकं आहे. कोणती फाइल तुम्ही वारंवार उघडता हे ते बघत राहतं. जी नव्वद दिवस कुणी उघडली नाही, तिचं ते सार काढतं: 'लहान मूल, ठोके नियमित, मिनिटाला एकशे वीस.' सार चिमूटभर जागेत मावतं. मूळ फाइल टाकून द्यायच्या यादीत जाते. पुढे कधी तुम्ही ती मागितलीत, की ते डोकं त्या सारावरून फाइल नव्यानं रचून देतं. सुबक, नीटनेटकी. गिरणी त्याच्या लेखी कचरा. ठोक्यामागचं श्श्, तेही कचराच. ज्या अकरा बाळांचं सार सारखं निघालं, त्यांना एकच हृदय मिळालं.

"मग तू तपासलंस तेव्हा हे दिसलं नाही?" वन्संनी विचारलं. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"नाही दिसलं. कारण मी रोज बघत होते."

खरंच तसं होतं. पासष्ट दिवस, रोज सकाळी दहाला, हातात चहाचा कप घेऊन मी त्या ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल उघडून तिचा ठसा पडताळला. ओव्हनमध्ये तापवला, थंड केला, वीज मध्येच तोडली, पुन्हा प्रत्येक फाइल उघडली. एकही चूक निघाली नाही. निघणार कशी? ज्या घरात रोज विचारपूस होते तिथं ते डोकं काहीच टाकत नाही. त्याला वाटलं असणार, ही बाई ह्या सगळ्या फाइलींवर जीव टाकते. पुस्तिकेत दोनशे बाराव्या पानावर तळाशी एक ओळ होती, 'क्वचित वापरल्या जाणाऱ्या आशयाचं हुशार व्यवस्थापन.' मी ती वाचली होती. जाहिरातबाजी म्हणून सोडून दिली होती. जरा आळशी बाईनं हा ड्राइव्ह तपासला असता, चार महिने कोपऱ्यात विसरली असती, तर तिला तो पहिल्याच फटक्यात पकडता आला असता.

"मामी, खरा आवाज गेला का मग?" केतकीनं विचारलं.

या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं. ड्राइव्ह एखादी फाइल 'टाकतो' तेव्हा ती लगेच पुसत नाही. पुसणं सावकाशीचं काम असतं. यंत्र चालू आहे पण कुणी काही करत नाही, असा निवांत वेळ मिळाला की तो यादीतल्या पेशी एकेक करून रिकाम्या करतो. तोवर जुना भार तिथं पडून असतो.

"वन्सं, हा लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला लावून ठेवता ना?"

"शी! मी नाही गं. काम झालं की बंद, आणि भिंतीचं बटणही बंद. उगीच तो लाल दिवा कशाला जळायला हवा? नवीन डॉक्टर चिडतात, म्हणतात, सिस्टर, चालू राहू द्या, त्याला अपडेट लागतात. मी म्हणते, दिवसा काय ते लागू द्या."

मी पुढे झेपावून लॅपटॉप बंद केला. नुसता मिटला नाही, बॅटरीची तार काढली. वन्सं दचकल्या. "अगं, हळू!"

या बाईनं तीन वर्षं त्या ड्राइव्हला निवांत बसूच दिलं नव्हतं.

आता अडचण एकच होती. पेशी थेट वाचायचं यंत्र माझ्याकडे होतं, पण ड्राइव्हला कुलूप होतं आणि किल्ली कंपनीची. मी पुण्याला मेधाकणच्या तांत्रिक विभागात फोन लावला. ऋजुता नावाची एक मुलगी बोलली. आवाजावरून केतकीच्याच वयाची.

"मॅम, ते बिघाड नाहीये, ती सोय आहे," ती म्हणाली.

"बाई गं, तुमच्या सोयीनं अकरा मुलांना एक हृदय दिलंय."

तिच्या टाइप करण्याचा आवाज आला, मग थांबला. "मॅम, मी किल्ली देऊ शकते. पण प्रमाणित ड्राइव्ह उघडायला नियमानं परवानगी नाही. आधी तुम्हाला प्रमाणपत्र स्थगित करावं लागेल. एकट्या ह्या ड्राइव्हचं होत नाही. तेवीसशेचं एकदम होतं."

"आणि उघडून आत काहीच सापडलं नाही तर?"

"तर... तुम्ही विनाकारण स्थगित केलं असं दिसेल. मी तुम्हाला असंच सांगायला हवं म्हणून सांगते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण मॅम, मी तुमच्या जागी असते तर वेळ घालवला नसता."

नऊ बायकांनी अकरा वर्षांत मिळवलेलं नाव पडद्यावरच्या स्थगितीच्या त्या एका बटणामागे होतं. तेवीसशे उपकेंद्रांतलं काम एका दुपारी अडणार होतं, आणि 'ड्राइव्ह उत्तम' अशी स्वतःच्या हातानं केलेली सही मला स्वतःच्या हातानं खोडायची होती. मी खूप विचार केला असं लिहायला बरं वाटलं असतं. प्रत्यक्षात बाकावर अनू कुशीवर वळली, तिचा फ्रॉक वर सरकला, आणि केतकीनं तो खाली ओढला. मी बटण दाबलं.

कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'परीक्षणात माझी चूक.' खाली उपकेंद्रांसाठी सूचना लिहिली, 'सर्व लॅपटॉप ताबडतोब बंद करा. भिंतीचं बटणही.'

किल्ली आली. वाचायला तीन तास लागले. यंत्र पेशी-पेशीतला भार मोजत होतं आणि पडद्यावर आकडा मुंगीच्या पावलानं सरकत होता. माझे दोन्ही फोन वाजत राहिले, मी उचलले नाहीत. अनू उठली, तिनं आमच्या संस्थेतले सगळे स्क्रू रंगांप्रमाणे लावून ठेवले, आमच्याकडे स्क्रूला रंग नसतात तरी. वन्संनी पर्समधून कापूस काढून लसीकरणाला लागणारे बोळे वळायला घेतले. केतकी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. मध्ये कधीतरी तिनंही थोडा कापूस ओढून घेतला. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण बोळे एकाच डब्यात पडत होते.

दोनच्या सुमाराला यादी आली. टाकलेल्या फाइलींपैकी साठ टक्के पुसल्या गेल्या होत्या. अनूच्या वीस सेकंदांपैकी चौदा शिल्लक होते.

मी आवाज लावला.

आधी आली ती गिरणी. घरघरघर, अशी मोठी की केतकी मागे सरली. मग कुठलं तरी मूल रडलं, एक बाई "गप गं बया" म्हणाली, आणि त्या सगळ्याच्या खालून धप्-श्श्-धप्, धप्-श्श्-धप्.

वन्संनी डोळे मिटून घेतले होते. बोट मांडीवर ठोक्यागणिक उठत होतं.

"परत लाव मामी," केतकी म्हणाली. मी लावला. "परत." सहाव्यांदा लावला तेव्हा ती दोन खुर्च्या ओलांडून आईच्या शेजारी येऊन बसली होती. "आई, टीव्हीचं मी आपलं उगीच बोलले."

"टीव्ही मी मोठाच लावते," वन्सं म्हणाल्या. "तुझे बाबा घोरतात ना."

चारला आम्ही मिरजेत डॉक्टर मुजावरांच्या समोर होतो. त्यांनी कानात यंत्र घातलं, चौदा सेकंद ऐकले, मग अनूला टेबलावर बसवून आत्ताचे ऐकले, मग पुन्हा जुने.

"हा आवाज कशावरून खरा?" त्यांनी मला विचारलं. "आधीचाही मला खराच वाटला होता."

"पेशींमध्ये तारीख आहे, वेळ आहे, ती मी छापून आणलीय. शिवाय डॉक्टर, यात गिरणी आहे. खोटा आवाज बनवणारा त्यात जोंधळा कशाला दळेल?"

त्यांना हसू आलं, पण कानातलं यंत्र त्यांनी काढलं नाही. पडद्यावर दोन आलेख एकाखाली एक मांडून त्या बोटानं माग काढत राहिल्या. अनूनं टेबलाच्या कागदाचा कोपरा फाडायला घेतला होता आणि कुणी तिला थांबवत नव्हतं.

"तेव्हाही हीच कुरकुर होती," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याच जागी, तेवढीच. उलट आता किंचित कमी वाटते. झडप गळायला लागली असती तर आणखी एक आवाज आला असता, तो दोन्हीकडे नाही. झडप ओढल्यासारखी दिसते ती बहुधा तिची मूळचीच ठेवण असेल. पण चौदा सेकंदांवर मी एकटी ठरवणार नाही. पुण्याच्या सर्जनांना पाठवते, बसा."

आम्ही बाहेर बसलो. चाळीस मिनिटं. मग त्यांनी दार स्वतः उघडलं.

"गुरुवारचं रद्द. दर तीन महिन्यांनी इको करत राहू. पळू दे, खेळू दे, सगळं खाऊ दे." आणि वन्संकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, उरलेल्या दहा मुलांचेही बघावे लागतील. तुम्हाला त्यातलं काही आठवतं का?"

"चौघांचं आठवतं," वन्सं म्हणाल्या. "चौघांचं पक्कं आठवतं. लिहून घ्या."

डॉक्टरांनी पेन घेतलं.

केतकी कॉरिडॉरमध्ये जाऊन पुण्याला फोन लावत होती. पलीकडून बहुधा ते यांत्रिक उत्तर देणारं काहीतरी बोलत होतं, कारण ती तुटक तुटक शब्द म्हणत होती. "रद्द. हो. गुरुवार. अन्विता. रद्द करायचंय." मग जरा मोठ्यानं, "ऑपरेशन नकोय." बाकावरची माणसं वळून बघायला लागली. एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "नकोय," केतकी म्हणाली, "आम्हाला ऑपरेशन नकोय. नकोय हो ऑपरेशन."

मी जवळ गेले. तिच्या हातातल्या फोनचा पडदा काळा होता, तो केव्हाच कट झाला होता.